एकाच नावाच्या दोन रुग्ण आणि रक्ताची एक पिशवी : सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णालयातील एक प्रकरण

हे प्रकरण खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका उपजिल्हा रुग्णालयातील आहे. रुग्णालयाचे, गावाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. यात कोणाचा जीव गेला नाही, कोणाला इजाही झाली नाही, त्यामुळे एरवीच्या रिवाजाप्रमाणे ते त्याच रात्री विसरले गेले असते. परंतु मृत्यू झाला असता तर जशी चौकशी केली असती तशीच आताही करायची, असे तेथील वैद्यकीय अधीक्षकांनी ठरवले. त्या चौकशीत प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता.

रुग्णालयात प्रसूती कक्ष, शस्त्रक्रियागृह आणि रक्त साठवणूक केंद्र आहे. तपासणी झालेल्या पिशव्या जिल्ह्याच्या रक्तकेंद्रातून येथे येतात. रुग्णाच्या नमुन्याचा गट तपासणे आणि क्रॉसमॅचिंग करणे, म्हणजे तो नमुना पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहणे, एवढे काम येथील तंत्रज्ञ करतो. खाली सपाटीवरच्या केळी-कापसाच्या गावांतून अहिराणी बोलणारे रुग्ण येतात, वरच्या पाड्यांवरून पावरी आणि भिलोरी बोलणारे. सपाटीवर पाटील आडनाव इतके आहे की वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाशिवाय माणूस ओळखता येत नाही. डोंगरात तर पाडेच्या पाडे एका आडनावाचे असतात. पावरा, पाडवी, वसावे, वळवी अशी मोजकीच आडनावे आंतररुग्ण नोंदवहीत पानोपानी दिसतात, आणि पहिली नावेही त्याच त्या ठरावीक वर्तुळातली असतात. एका वेळी एका कक्षात एकाच नावाच्या दोन स्त्रिया असणे ही या भागात दुर्मीळ गोष्ट नाही. पुढचे सर्व विवेचन या साध्या वस्तुस्थितीभोवती फिरते.

घटनाक्रम

पावसाळ्यातील एका संध्याकाळी प्रसूती कक्षात अशाच दोन स्त्रिया दाखल होत्या. दोघींचे पहिले नाव एक, आडनाव पावरा, पाडाही एकच. एक सातव्या महिन्यातील गरोदर स्त्री होती. तिला सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार होता आणि हिमोग्लोबिन सहा ग्रॅमच्या खाली गेल्यामुळे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायचे ठरले होते. दुसरी त्याच दुपारी बाळंत झाली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे पाळी बदलण्याच्या वेळी, बाळंतिणीला अचानक जोराचा रक्तस्राव सुरू झाला. गर्भाशय आकुंचन पावत नव्हते. कर्तव्यावरील डॉक्टरांनी गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड, दोन्ही हातांत सलाईन असे सर्व उपचार वेळेवर आणि योग्य क्रमाने केले, आणि रक्तस्राव आटोक्यात आला. तोवर लिटरभराहून अधिक रक्त गेले होते. नाडी १३०च्या घरात होती, रक्तदाब पडला होता. दोन पिशव्या रक्त तातडीने मागवण्यात आले.

गरोदर स्त्रीचा नमुना परिचारिकेने थोड्याच वेळापूर्वी काढून टेबलावर ठेवला होता. धावपळीत बाळंतिणीचा नमुनाही काढून तिने त्याच टेबलावर आणून ठेवला. दोन्ही नळ्यांवर चिकटपट्टी लावून पेनाने नाव आणि कक्ष लिहिला गेला. आंतररुग्ण क्रमांक लिहिण्याची पद्धत नव्हती. आता टेबलावर एकाच नावाच्या दोन नळ्या आणि दोन मागणीपत्रे होती. मागणीपत्रांवर क्रमांक, वय, निदान सारे बरोबर लिहिलेले होते. प्रत्येक मागणीपत्र नळीभोवती गुंडाळून रबर लावण्यात आले आणि वॉर्डातल्या मामांनी ती दोन्ही पुडकी रक्त साठवणूक केंद्रात पोचवली. गुंडाळताना अदलाबदल झाली. ती नेमकी कोणाच्या हातून झाली हे चौकशीत कळले नाही, आणि एका टप्प्यानंतर ते शोधण्याचा प्रयत्न चौकशी समितीने जाणीवपूर्वक सोडून दिला.

पुढचे सर्व काम बिनचूक झाले. तंत्रज्ञ कंत्राटी होता आणि बोलावणे येताच घरून आला होता. बाळंतिणीच्या मागणीपत्रासोबत आलेल्या नमुन्याचा गट त्याने तपासला. तो बी पॉझिटिव्ह निघाला. बी पॉझिटिव्ह पिशवीशी क्रॉसमॅचिंग केले, ते जुळले. पिशवीवर बाळंतिणीचे नाव आणि तिचा क्रमांक असलेली चिठ्ठी लागली. प्रत्यक्षात बाळंतिणीचा गट ओ पॉझिटिव्ह होता, आणि बी पॉझिटिव्ह रक्त त्या गरोदर स्त्रीचे होते.

पिशवी न्यायला बाळंतिणीचा दीर खिडकीवर आला. कोणता कागद दाखवायचा हे न कळल्याने त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतले सगळे कागद ओट्यावर ओतले. त्यात गरोदरपणातील तपासणीचे माता-बाल संरक्षण कार्ड होते आणि त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातील रक्तगटाची नोंद होती : ओ पॉझिटिव्ह. ती तंत्रज्ञाच्या नजरेस पडली.

येथे थोडे थांबायला हवे, कारण या क्षणी त्या तंत्रज्ञापुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. कार्डावरचा गट चुकीचा असणे ही काही अशक्य गोष्ट नाही. त्याने स्वतःच्या हाताने केलेली चाचणी ताजी होती आणि क्रॉसमॅचिंगही जुळले होते. वरून फोन येत होते. रुग्ण गंभीर होती आणि उशीर झाला असता तर त्याचे खापर त्याच्याच माथी फुटले असते. तरीही त्याने पिशवी रोखून धरली, स्वतः कक्षात गेला, बाळंतिणीच्या हातातून नवा नमुना घेतला, तिच्यासमोरच नळीवर क्रमांक लिहिला आणि पुन्हा चाचणी केली. गट ओ पॉझिटिव्ह आला. ओ गटाची पिशवी जुळवून देईपर्यंत सुमारे वीस मिनिटे गेली. तेवढा वेळ डॉक्टरांनी सलाईनवर रुग्णाला सांभाळले. ती वाचली आणि आठवड्याच्या आत बाळासह घरी गेली. नोकरीच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या, मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या माणसाने वरिष्ठांच्या घाईपुढे संशयाला मान दिला, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते, आणि अहवालात ती पहिल्या परिच्छेदात यावी असा आग्रह मी धरला होता.

काय घडू शकले असते

ओ गटाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवात ए आणि बी या दोन्ही गटांच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे जन्मानंतर लवकरच, रक्त न घेताही तयार झालेली असतात. बी गटाच्या पेशी आत जाताच त्या रक्तवाहिन्यांमध्येच फुटू लागतात. मोकळे झालेले हिमोग्लोबिन लघवीतून लाल होऊन उतरते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि रक्तदाब कोसळतो. यासाठी पूर्ण पिशवी जावी लागते असेही नाही. थोडे रक्त गेले तरी हा प्रकार सुरू होऊ शकतो. म्हणूनच रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळ थांबावे, थंडी, ताप, कमरेत दुखणे किंवा शिरेत आग झाल्याची तक्रार होताच रक्त बंद करून सलाईन चालू ठेवावे आणि पिशवी नमुन्यासह परत पाठवावी, असा नियम आहे.

परंतु या रुग्णाच्या बाबतीत तो नियमही अपुरा पडला असता. तिचा रक्तदाब आधीच पडलेला होता, नाडी आधीच जलद होती, रक्त तर नुकतेच वाहून गेले होते. चुकीच्या रक्ताने जी लक्षणे दिसली असती, ती सर्व प्रसूतिपश्चात रक्तस्रावाची म्हणूनच वाचली गेली असती. मृत्यूचे कारण रक्तस्राव असे लिहिले गेले असते. माता मृत्यूच्या आढाव्यात रक्तक्षय, पाड्यावरून यायला झालेला उशीर आणि घाटातला रस्ता यांवर चर्चा होऊन फाइल बंद झाली असती. रबर लावलेल्या त्या दोन नळ्यांचा उल्लेखही कोठे आला नसता. दुसऱ्या बाजूला, गरोदर स्त्रीला ओ पॉझिटिव्ह रक्त मिळाले असते. ओ गटाच्या लाल पेशी बी गटाच्या रुग्णाला सहसा चालतात, त्यामुळे तिला काहीच झाले नसते आणि चुकीची ती बाजू कायमची अदृश्य राहिली असती. दोघींचा गट योगायोगाने सारखा असता, आणि आपल्याकडे ओ व बी हे दोनच गट इतके मोठ्या प्रमाणावर आढळतात की तशी शक्यता चांगलीच असते, तर अदलाबदल झाल्याचे कोणालाही कधी कळले नसते. यावरून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो : जी अदलाबदल पकडली गेली तिच्यामागे न पकडल्या गेलेल्या किती असतील, हे अशा रुग्णालयाला आपल्या नोंदींवरून सांगताच येत नाही.

रक्तसंक्रमणातील प्रतिकूल प्रतिक्रियांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम, हिमोव्हिजिलन्स, भारतात १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला आणि नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था त्याचे समन्वयन करते. त्याचा भर मुख्यतः रक्त चढवल्यानंतर उद्भवलेल्या प्रतिक्रियांवर आहे. येथे प्रतिक्रिया उद्भवलीच नव्हती. ब्रिटनमध्ये १९९६पासून चालणाऱ्या ‘शॉट’ या अशाच नोंदी ठेवणाऱ्या योजनेने मात्र रक्त चढण्यापूर्वीच पकडल्या गेलेल्या चुकाही गोळा केल्या, आणि नळीत भलत्याच रुग्णाचे रक्त असण्याचा प्रकार किती नेहमीचा आहे हे त्यातून पुढे आले.

चौकशी

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्याकाळच्या पाळीतील परिचारिकेसाठी कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार होता. अधीक्षकांनी त्यावर सही केली नाही. त्यांचे म्हणणे असे की नोटीस दिली तर एक उत्तर मिळेल, ‘यापुढे काळजी घेईन’, आणि त्यानंतर या कक्षात कोणीही कोणतीही चूक सांगणार नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी माणसाला दोष देणारी दृष्टी आणि यंत्रणेतील फटी शोधणारी दृष्टी यांत जो भेद केला, तो आरोग्यसेवेत आता सर्वमान्य आहे. परंतु तो भेद भाषणात मान्य करणे आणि टेबलावर तयार असलेली नोटीस बाजूला सारणे यांत फार अंतर आहे.

समितीने परिचारिका, मामा, तंत्रज्ञ, डॉक्टर आणि दोन्ही रुग्णांचे नातेवाईक यांच्याशी स्वतंत्रपणे बोलून त्या तासाभराचा क्रम मांडला. त्या वेळी कक्षात परिचारिका एकटी होती. दुसरी सहकारी शस्त्रक्रियागृहात गेली होती. नळीवर क्रमांक न लिहिणे हा तिचा वैयक्तिक निष्काळजीपणा नव्हता, तर वर्षानुवर्षांची सर्वांची पद्धत होती. मागणीपत्रावर ‘पूर्वीचा रक्तगट’ असा रकाना होता, पण मागच्या कित्येक मागणीपत्रांची तपासणी केली तेव्हा तो जवळजवळ नेहमीच कोरा आढळला. गरोदर स्त्रीच्या जुन्या केसपेपरमध्ये तिला आधी रक्त दिल्याची आणि तिच्या गटाची नोंद होती. तो केसपेपर अभिलेख कक्षात होता आणि अभिलेख कक्ष संध्याकाळी बंद असतो.

सर्वांत बोलके ठरले ते ओळख विचारण्याचे प्रत्यक्ष निरीक्षण. रक्त किंवा इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाची ओळख पटवली जात होती, यात शंका नाही. परंतु प्रश्न असा विचारला जात होता : ‘तू अमुक ना?’ परिचारिकेला अहिराणी उत्तम येत होती, ‘तुनं नाव काय शे?’ हे ती सपाटीवरच्या बायकांना सहज विचारी. पावरी मात्र तिला येत नव्हती, आणि डोंगरातल्या स्त्रीसमोर ती नकळत होकार-नकाराच्या प्रश्नावर येई. थकलेली, घाबरलेली, भाषा अर्धवट कळणारी स्त्री अशा प्रश्नाला मान डोलावते. निरीक्षणाच्या काळात एका रुग्णाने दुसरीच्या नावालाही होकार दिला.

दुसरी अडचण नावांच्या रचनेतच होती. आपल्याकडे विवाहित स्त्रीच्या नावामध्ये नवऱ्याचे नाव मधोमध असते आणि एकाच नाव-आडनावाच्या स्त्रिया वेगळ्या ओळखायचा तोच एक आधार उरतो. पण अनेक स्त्रिया नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. आधारकार्डावर माहेरचे नाव, केसपेपरवर सासरचे, सिकलसेलच्या तपासणीच्या कागदावर शाळेतले, असेही आढळले. वय तर अंदाजेच लिहिलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सुचवले त्यांत रुग्णाची ओळख हा एक आहे, आणि किमान दोन खुणांवरून ओळख पटवावी हे तत्त्व आता सगळीकडे स्वीकारलेले आहे. नाव आणि जन्मतारीख ही जोडी मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत चालते. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या स्त्रीसाठी दुसरी खूण कोणती, याचे उत्तर तेथल्या रुग्णालयालाच शोधावे लागते.

बदल

समितीने बरीच चर्चा करून आंतररुग्ण क्रमांक ही मुख्य खूण आणि आईचे नाव ही बोलण्यातली खूण ठरवली. आईचे नाव सांगायला कोणतीही स्त्री कचरत नाही आणि ते बदलतही नाही. एकाच पाड्यातील दोन नामसदृश स्त्रियांच्या आयांचीही नावे एकच असणे फारच विरळा. ही सूचना डॉक्टरांकडून आली नाही, तर पावरी बोलणाऱ्या एका आशाताईंकडून आली. दाखल होतानाच प्रत्येक रुग्णाच्या हातात पट्टा बांधायचा आणि त्यावर क्रमांक, नाव, आईचे नाव व पाडा लिहायचा असे ठरले. सलाईन लावताना पट्टा कापला जातो असे दिसल्यावर तो सलाईन नसलेल्या हाताला, आणि दोन्ही हातांना सलाईन असेल तर पायाला, बांधण्याची सूचना जोडली गेली.

रक्ताच्या नमुन्याचा नियम सर्वांत कडक केला. एका वेळी एकाच रुग्णाचा नमुना घ्यायचा. नळीवरची नोंद नमुना घेतल्यावर, रुग्णाजवळ उभे राहूनच, पट्टा बघून करायची. रिकाम्या नळीवर आधी लिहून ठेवायचे नाही. टेबलावर आणून लिहिलेली किंवा क्रमांक नसलेली नळी तंत्रज्ञाने परत पाठवायची, मग मागणी कोणाचीही असो. यासाठी अधीक्षकांनी लेखी आदेश काढला, कारण कंत्राटी तंत्रज्ञाला डॉक्टरांना ‘नाही’ म्हणण्याचे बळ तोंडी सूचनेतून मिळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा बदल म्हणजे दुसऱ्या नमुन्याचा नियम. रुग्णालयाकडे रुग्णाच्या गटाची आधीची खात्रीची नोंद नसेल, तर वेगळ्या वेळी आणि शक्यतो वेगळ्या व्यक्तीने घेतलेला दुसरा नमुना तपासून दोन्ही निकाल जुळल्याशिवाय त्या गटाची पिशवी द्यायची नाही. तोवर थांबणे जिवावर बेतणार असेल तर ओ गटाच्या लाल पेशी द्यायच्या; आरएच गटाचा, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हा, निर्णय डॉक्टरांनी लेखी घ्यायचा. क्रॉसमॅचिंग हे नळीतले रक्त आणि पिशवीतले रक्त यांच्यातील मेळ सांगते, नळीतले रक्त कोणाचे हे सांगत नाही. खाटेजवळची पिशवी आणि केसपेपर यांची पडताळणीही या प्रकरणात पूर्ण जुळली असती. त्यामुळे नळीतच भलते रक्त असेल तर ते पकडण्याचा भरवशाचा मार्ग दुसरा नमुना किंवा जुनी नोंद हाच आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरील गट मागणीपत्रावर उतरवणे सक्तीचे केले. कार्डावर विसंबून रक्त द्यायचे नाही, पण ते आणि चाचणी जुळत नसेल तर काम थांबवायचे.

एकाच नावाचे दोन रुग्ण दाखल असतील तर दोघांच्या केसपेपरवर लाल खूण करायची आणि त्यांच्या खाटा शेजारी ठेवायच्या नाहीत, हा नियम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर रुळलेला ठरला.

नंतर

पहिल्या काही आठवड्यांत परत पाठवलेल्या नळ्यांची संख्या वाढली आणि त्यावरून वाद झाले. एका डॉक्टरांनी भर बैठकीत विचारले की रुग्ण दगावला तर जबाबदार कोण. अधीक्षकांनी परत पाठवलेल्या प्रत्येक नळीची वेळ आणि कारण लिहिण्याची नोंदवही सुरू केली. तिच्यातून दिसले की बहुतेक नळ्या नियोजित रक्तसंक्रमणाच्या होत्या, तातडीच्या नव्हत्या, आणि घाईसाठी दिलेले कारण बहुतांशी घाईचे नव्हतेच. हळूहळू परत जाणाऱ्या नळ्या कमी झाल्या. चुका सांगण्यासाठी दर आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक सुरू झाली. पहिल्या बैठकीत त्या संध्याकाळच्या परिचारिकेनेच बोलण्याची तयारी दाखवली, आणि तिच्या बोलण्यानंतर इतरांनीही सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या शेजारी ठेवल्या जात असल्याचे, चुकीच्या खाटेवर गेलेल्या सलाईनचे, असे प्रकार सांगितले. प्रसूती कक्षांचा दर्जा सुधारण्याचा ‘लक्ष्य’ हा सरकारी कार्यक्रम आणि राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके यांसाठी भरायच्या तपासणी याद्यांमध्ये रुग्णओळखीचे मुद्दे या रुग्णालयात आधीपासून ‘होय’ असे भरलेले होते. या बैठकीनंतर त्यांतले काही ‘अंशतः’ झाले, आणि गुण कमी पडले तरी चालतील असे अधीक्षकांनी स्पष्ट सांगितले.

सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. पट्ट्यांचा पुरवठा दोनदा खंडित झाला आणि तेवढ्या काळात चिकटपट्टी परत आली, मात्र तिच्यावर क्रमांक लिहिला जात होता. रात्रपाळीत नमुना रुग्णाजवळच नोंदवण्याचे प्रमाण दिवसापेक्षा कमीच दिसते. धुळ्याला पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांच्या संदर्भपत्रात गटाची पडताळणी दोन नमुन्यांवर झाली की एकावर, हे लिहिण्याची जागा नव्हती. ती आता शिक्का मारून केली आहे, पण पुढच्या रुग्णालयात तो शिक्का वाचला जातो की नाही हे तपासण्याची सोय झालेली नाही. सिकलसेलच्या त्या गरोदर स्त्रीला वारंवार रक्त लागणार असल्याने आणि अशा रुग्णांत इतर रक्तगट प्रणालींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका असल्याने, प्रसूतीसाठी तिला आधीच वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्यात आले. तिच्यासोबत गेलेल्या कागदांवर तो शिक्का पहिल्यांदा उमटला.

दुसऱ्या नमुन्याचा नियम रात्री पाळायचा तर साठवणूक केंद्रात तंत्रज्ञ हजर असायला हवा. सध्या तो एकच आहे आणि रात्री बोलावल्यावर गावातून येतो. दुसऱ्या पदाची मागणी जिल्ह्याकडे गेली आहे. ती मंजूर होईपर्यंत रात्रीच्या प्रत्येक तातडीच्या मागणीत तंत्रज्ञाला निरोप नमुना काढण्याआधीच द्यायचा आणि तो पोचल्यावर दुसरा नमुना त्याने स्वतः घ्यायचा, अशी तात्पुरती व्यवस्था केलेली आहे.